गुणांच्या पायरीवर प्रश्नाची पारख

फेब्रुवारीच्या सुमारास शालेय शिष्यवृत्ती परीक्षा होते, परीक्षा परिषदेची अंतरिम उत्तरसूची येते आणि इचलकरंजीतल्या शाळांच्या शिक्षकखोल्यांत काही दिवस एकच विषय असतो: कुठला प्रश्न फसला. वाद बहुतेक वेळा प्रश्नाच्या शब्दांवर होतो. भाषा संदिग्ध आहे, दोन पर्याय बरोबर ठरतात, आकृती नीट छापलेली नाही. हे सगळे आक्षेप रास्त असू शकतात. पण प्रश्नाबद्दल आणखी एक साक्ष उपलब्ध असते, ती म्हणजे मुलांनी दिलेली उत्तरं. ही साक्ष कशी वाचावी याची एक फार देखणी रीत मारिया ऑर्लांडो आणि डेव्हिड थिसेन यांनी २००० साली मांडली. तिचं नाव कोरडं आहे, एस-एक्स-स्क्वेअर. आज ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची आज्ञा दिली की ती प्रत्येक प्रश्नासमोर छापून येते. वापरणारे बहुधा शेवटच्या रकान्यातली पी-व्हॅल्यू बघून पान बंद करतात. त्या आकड्याच्या आत काय काय रचून ठेवलं आहे, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आयटम रिस्पॉन्स थिअरी, सवयीनं आयआरटी, प्रत्येक प्रश्नाला एक वक्ररेषा देते. आडव्या अक्षावर परीक्षार्थीची क्षमता, उभ्या अक्षावर उत्तर बरोबर येण्याची शक्यता. क्षमता वाढत जाते तशी रेषा वर चढते. आपल्या भागाला ही कल्पना अगदी परकी नाही. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही मानसशास्त्रज्ञांच्या वापरात आहे. अशा कसोटीत प्रश्न कुठल्या वयाच्या गटात ठेवायचा, हे त्या वयाची किती मुलं तो सोडवतात यावरून ठरतं, आणि चांगल्या प्रश्नाचं लक्षण म्हणजे वय वाढेल तसं हे प्रमाण वाढत गेलं पाहिजे. आयआरटीनं वयाच्या जागी क्षमता ठेवली. अडचण अशी की वय जन्मदाखल्यावर असतं. क्षमता कुठेच लिहिलेली नसते.

वक्ररेषा आणि प्रत्यक्ष उत्तरं यांची जुळणी तपासण्याच्या जुन्या रीती इथेच ठेचकाळल्या. सॉफ्टवेअरनं काढलेल्या क्षमतेच्या अंदाजावरून परीक्षार्थींचे गट पाडायचे, प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती जणांचं उत्तर बरोबर आलं ते वक्ररेषेशी ताडायचं, आणि फरकांचा काय-स्क्वेअर काढायचा. वेंडी येन यांच्या १९८१च्या रीतीत असे १० गट असतात. वरवर पाहता यात खोट नाही. पण क्षमतेचा तो अंदाज त्याच उत्तरांवरून काढलेला आहे, त्यात चूक आहे, आणि तरी हिशेबात तो तंतोतंत खरा मानला जातो. गट १०च का, ८ का नाहीत, यालाही ठाम उत्तर नाही. मग निघालेला आकडा खरोखर काय-स्क्वेअरप्रमाणे वागतो का, याचीच खात्री राहत नाही. प्रश्नसंख्या कमी असली की या रीतीनं चांगले प्रश्नही मोठ्या संख्येनं दोषी ठरतात, हे ऑर्लांडो आणि थिसेन यांनी कृत्रिम विदा तयार करून दाखवलं. प्रश्नाला फक्त काठिण्य देणाऱ्या राश मॉडेलपुरती एक वेगळी वाट शिकागोत बेंजामिन राइट आणि नर्गिस पंचपकेशन यांनी १९६९ सालीच चोखाळली होती. त्यांनी गट पाडले ते सरळ एकूण गुणांवरून. २००० सालची रीत हा धागा उचलते आणि राशच्या बाहेरच्या मॉडेलांपर्यंत नेते.

तिचं सौंदर्य दिसायला खरा नमुना हवा. आयआरटीच्या अभ्यासकांना पाठ असलेला एक आहे: अमेरिकेतल्या कायदा-प्रवेश परीक्षेच्या सहाव्या विभागातले ५ प्रश्न आणि १००० परीक्षार्थी. बॉक आणि लिबरमन यांनी तो १९७०च्या लेखात वापरला आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक नवं सॉफ्टवेअर त्याच्यावर हात साफ करतं. पाच प्रश्नांची उत्तरं बरोबर देणारे अनुक्रमे ९२४, ७०९, ५५३, ७६३ आणि ८७०. म्हणजे तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. एकूण गुणांप्रमाणे पाहिलं तर शून्य मिळालेले ३, एक गुण २०, दोन गुण ८५, तीन गुण २३७, चार गुण ३५७, आणि पाचपैकी पाच २९८.

आता पहिली जागा पाहा. क्षमतेचा अंदाज बाजूला ठेवून, जे डोळ्यांना दिसतं त्या एकूण गुणांवर परीक्षार्थी उभे करायचे. तिसरा प्रश्न घेऊ. एक गुण मिळालेल्या २० जणांपैकी एकाचाच तिसरा प्रश्न बरोबर आहे. दोन गुणांच्या ८५ पैकी ७ जणांचा, तीन गुणांच्या २३७ पैकी ६३ जणांचा, चार गुणांच्या ३५७ पैकी १८४ जणांचा. टक्केवारीत ५, ८, २७, ५२. इथे अंदाजाचा अंशही नाही. पट्टी घेऊन कुणीही मोजावं आणि तेच आकडे यावेत. गट किती पाडायचे हा प्रश्नसुद्धा उरत नाही, कारण गुणांच्या पायऱ्या आधीच कापून ठेवलेल्या आहेत.

पण मग तुलना कशाशी करायची? वक्ररेषा क्षमतेची भाषा बोलते, आपण तर गुणांच्या पायरीवर उभे आहोत. दुसरी गंमत अशी की तिसरा प्रश्न स्वतःच त्या एकूण गुणांत सामील आहे. ज्याची परीक्षा घ्यायची तोच पंचांमध्ये बसलेला. ऑर्लांडो-थिसेन त्याला उठवत नाहीत. ते मॉडेललाच विचारतात: एकूण गुण दोन आहेत असं कळल्यावर, त्या दोनांपैकी एक तिसऱ्या प्रश्नाचा असण्याची शक्यता किती? वर ठेवायची संख्या म्हणजे तिसरा बरोबर आणि उरलेल्या चारांतून एकच बरोबर येण्याची शक्यता. खाली, पाचांतून कुठल्याही प्रकारे दोन बरोबर येण्याची शक्यता. प्रश्न स्वतःच्याच गुणांत असल्याची पूर्ण किंमत या भागाकारात चुकती होते. दोषाकडे डोळेझाक करण्याऐवजी त्याचा नेमका हिशेब ठेवणं, हे मला या रचनेतलं सर्वांत सुसंस्कृत पाऊल वाटतं.

राश मॉडेल घेतलं तर हा भागाकार कागदावर करता येतो. त्यात प्रत्येक प्रश्नाला एकच संख्या असते, काठिण्य. आपल्या पाच प्रश्नांची काठिण्यं उणे १.२५६, ०.४७५, १.२३६, ०.१६८ आणि उणे ०.६२३ येतात. चिन्ह उलटवून ‘ई’ या संख्येचा तेवढा घात घेतला की जणू प्रश्नाची सुलभता मिळते: ३.५१, ०.६२, ०.२९, ०.८५, १.८६. बेरीज ७.१३. ज्याला एकच गुण आहे, त्याचा तो गुण तिसऱ्या प्रश्नाचा असण्याची शक्यता ०.२९ भागिले ७.१३, म्हणजे ०.०४. वीस जणांत ०.८ माणूस, प्रत्यक्षात एक. दोन गुणांसाठी सुलभतांच्या सगळ्या जोड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची, ती येते १६.९५, त्यातल्या तिसरा प्रश्न असलेल्या जोड्यांची बेरीज १.९९. भागाकार ०.११७, पंच्याऐंशींत १०. प्रत्यक्षात ७. तीन गुणांवर अपेक्षित ६१.४, प्रत्यक्ष ६३. चार गुणांवर अपेक्षित १८२.८, प्रत्यक्ष १८४.

या चार ओळींची बेरीज करून बघा. प्रत्यक्ष २५५, अपेक्षितही २५५. हा योगायोग नाही. काठिण्य ठरवतानाच मॉडेलनं ही बेरीज जुळवून घेतलेली आहे. त्यामुळे प्रश्न सोपा आहे की अवघड, यावर जुळणीची कसोटी काहीच बोलत नाही. २५५ माणसं पायऱ्यांवर कशी विभागली गेली, एवढंच ती पाहते. चार पायऱ्यांतली एक मोकळीक अशी आधीच खर्च होते आणि उरतात ३ डिग्रीज ऑफ फ्रीडम. पाठ्यपुस्तकात हे सूत्र म्हणून येतं, ‘पायऱ्या वजा पॅरामीटर’. इथे ते आकड्यांतून आपोआप उगवताना दिसतं.

राशच्या भागाकारात आणखी एक नाजूक गोष्ट घडली, ती चटकन लक्षात येत नाही. वर आणि खाली दोन्हीकडे क्षमता होती, ती कटून गेली. परीक्षार्थी हुशार होते की सुमार, त्यांची क्षमता लोकसंख्येत कशी पसरली होती, यातलं काहीही आपल्याला लागलं नाही. एकूण गुण कळले की क्षमतेबद्दल उत्तरपत्रिकेत जे काही होतं ते सगळं कळलं, म्हणून हे शक्य झालं. संख्याशास्त्रात अशा राशीला सफिशियंट स्टॅटिस्टिक म्हणतात, आणि हा विषय ज्यांनी आयुष्यभर हाताळला त्यांतलं एक मोठं नाव आपल्या शेजारचंच आहे. वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ साली कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले, पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७६ साली त्यांचं पुस्तक आलं तेही सफिशियंट स्टॅटिस्टिकवरच. डेन्मार्कच्या गेओर्ग राश यांनी १९६० साली जे मॉडेल मांडलं, त्याचा कणा हाच गुणधर्म आहे. कोल्हापूरहून केंब्रिजला गेलेल्या माणसानं ज्या गुणधर्माचा अमूर्त पातळीवर ध्यास घेतला, तो इथे पाच प्रश्नांच्या साध्या भागाकारात क्षमतेला अलगद बाजूला सारतो, हे पाहताना मन भरून येतं.

राशच्या बाहेर पडलं की ही सवलत संपते. दोन पॅरामीटरच्या मॉडेलात प्रश्नाला काठिण्यासोबत उतारही असतो, तीन पॅरामीटरच्यात अंदाजानं ठोकून बरोबर येण्याची तळपातळीही. क्षमता कटत नाही. मग तिच्या प्रत्येक संभाव्य मूल्यावर हिशेब करून वजनानुसार बेरीज घ्यावी लागते. आणि प्रत्येक मूल्यावर ‘इतके गुण मिळण्याची शक्यता’ काढणं सोपं नाही. पाच प्रश्नांची बरोबर-चूक ३२ प्रकारे लागू शकते. आपल्या हजारांत त्यातले ३० प्रकार प्रत्यक्ष दिसतात. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आहेत. तिथे प्रकारांची संख्या २३ अंकी होते. फ्रेडरिक लॉर्ड आणि मेरिलिन विंगर्स्की यांनी १९८४ साली दिलेली युक्ती इथे कामाला येते. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा: शून्य गुणांची शक्यता आणि एक गुणाची. दुसरा प्रश्न घ्या: तो चुकला तर आधीचे गुण तसेच, बरोबर आला तर एकानं वर. दोन्ही शक्यता मिसळा. मग तिसरा, चौथा. प्रत्येक टप्प्यावर हातात फक्त गुणांची यादी राहते, आणि ७५ प्रश्न संपले तरी ती ७६ ओळींचीच असते. ज्या प्रश्नाची पारख करायची तो वगळून पुन्हा एकदा फेरी मारली की भागाकाराचा वरचा भागही तयार. तेवीस अंकी जंगल टाळून इतक्या कमी पावलांत पलीकडे जाणारी वाट सापडली, म्हणूनच हे सगळं साध्या लॅपटॉपवर काही क्षणांत होतं.

दोन टोकांकडेही लक्ष जावं. शून्य गुण असलेल्याचा प्रत्येक प्रश्न चूकच असणार, पूर्ण गुण असलेल्याचा बरोबरच. तिथे अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत फरक पडूच शकत नाही, म्हणून बेरजेत या पायऱ्या धरत नाहीत. आपल्या नमुन्यात असे ३०१ परीक्षार्थी आहेत. हजारातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना प्रश्नाच्या जुळणीबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही! सोपा सराव पेपर काढून सगळ्यांना भरघोस गुण देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मुलं खूश होतात, प्रश्नांबद्दल मात्र काही कळत नाही.

सॉफ्टवेअरकडे येऊ. फिल चाल्मर्स यांचं ‘एमआयआरटी’ हे आरमधलं पॅकेज २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यात मॉडेल बसवल्यावर ‘आयटमफिट’ ही आज्ञा दिली की काही न सांगताही एस-एक्स-स्क्वेअरच मिळतो. त्याच आज्ञेतून राश परंपरेतले इनफिट-आउटफिटही मागता येतात. आउटफिट दूरच्या, अनपेक्षित उत्तरांवर पटकन भडकतो, इनफिट प्रश्नाच्या काठिण्याजवळच्या परीक्षार्थींना अधिक वजन देतो. स्टाटामध्ये आयआरटीची अधिकृत आज्ञा २०१५च्या चौदाव्या आवृत्तीत आली, पण प्रश्ननिहाय जुळणी तिच्यासोबत नव्हती. ती हवी असेल तर बार्टोश कोंद्रातेक यांची ‘यूआयआरटी’ ही वेगळी आज्ञा बसवून घ्यावी लागते.

एमआयआरटीमधली एक बारीक सोय मला विशेष आवडते. आपल्या तिसऱ्या प्रश्नात एक गुणाच्या पायरीवर अपेक्षित संख्या ०.८ होती. इतक्या छोट्या खान्यावर काय-स्क्वेअरचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून अपेक्षित संख्या एकाच्या खाली गेली की पॅकेज आपणहून ती पायरी शेजारच्या पायरीत मिळवतं, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम त्याप्रमाणे कमी धरतं. कागदावर चारही पायऱ्या तशाच ठेवून हिशेब केला तर आपला आकडा १.१२ येतो, ३ डिग्रीजवर पी-व्हॅल्यू ०.७७. सॉफ्टवेअरचा आकडा यापेक्षा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नये, पायऱ्या जोडल्या गेल्या आहेत. अट एवढीच की उत्तरपत्रिका पूर्ण हव्यात. कोरे सोडलेले प्रश्न ‘माहिती नाही’ म्हणून भरले तर एकूण गुणांच्या पायरीलाच अर्थ उरत नाही, आणि आज्ञा तिथे योग्यच अडते.

खरा आनंद मात्र पी-व्हॅल्यूत नाही. आज्ञेला तक्ते मागता येतात: प्रत्येक प्रश्नासाठी, प्रत्येक पायरीवर, प्रत्यक्ष किती आणि अपेक्षित किती. ते समोर ठेवले की प्रश्नाचा स्वभाव उलगडतो. इचलकरंजीत मेंडिंगला आलेला तागा पाहणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की इथेतिथे विखुरलेला दोष सुताचा असू शकतो, पण ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारा दोष मागाचा असतो. तक्त्यातही तसंच वाचायचं. आपल्या तिसऱ्या प्रश्नात दोन गुणांवर तीन माणसं कमी, बाकी सर्वत्र किंचित जास्त, विखुरलेलं, निरुपद्रवी. याउलट कमी गुणांच्या पायऱ्यांवर अपेक्षेपेक्षा जास्त बरोबर आणि वरच्या पायऱ्यांवर कमी, असा कल सलग दिसला तर हुशार मुलांना काहीतरी नडतं आहे. उत्तरसूची चुकली असेल, किंवा दुसरा पर्यायही खरोखर बरोबर असेल, आणि विचार करणारं मूल त्याच्याकडे वळत असेल. उलटा कल दिसला तर प्रश्न मॉडेलनं धरलं त्यापेक्षा तीव्रपणे मुलं वेगळी करतो आहे. हे सगळं एका पी-व्हॅल्यूत मिटून जातं. शिवाय परीक्षार्थी लाखांत असले की नगण्य फरकालाही पी-व्हॅल्यू शून्याजवळ जाते. तिथे ती पाहून प्रश्न रद्द करत सुटणं हा अन्याय ठरेल. पॅकेज शेजारी आरएमएसईए छापतं ते यासाठीच, कारण तो फरकाचा आकार सांगतो.

शिष्यवृत्तीच्या पेपरांवर हे वापरायचं तर दोन गोष्टी आधी ठरवायला हव्यात. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न एकत्र असतात. त्यांच्या मिळून ७५च्या बेरजेवर पायऱ्या केल्या तर पायरी मुख्यतः गणिताची होईल, आणि मराठीचे चांगले प्रश्नही त्या पायरीवर सपाट, नालायक दिसतील. मी तरी भाषा आणि गणित वेगळे करूनच आज्ञा चालवेन. दुसऱ्या पेपरातला बुद्धिमत्ता चाचणीचा ५० प्रश्नांचा भाग या कामाला सर्वांत सोयीचा, कारण तिथे एकच क्षमता मोजली जाते असं धरायला अधिक आधार आहे.

दुसरी गोष्ट आठवीच्या पेपरांची. तिथे काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय निवडावे लागत आले आहेत. चारांतून एक डोळे मिटून निवडला तर बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश. चारांतून दोनांची जोडी निवडायची तर जोड्या सहा, आणि शक्यता एक षष्ठांश. तीन पॅरामीटरच्या मॉडेलात सगळ्या प्रश्नांना एकच तळपातळी बांधून दिली तर या दोन-पर्यायी प्रश्नांचे तक्ते खालच्या पायऱ्यांवर बोलू लागतील: अपेक्षित जास्त, प्रत्यक्ष कमी, एकामागोमाग एक. अशा वेळी प्रश्नात खोट नसते, मॉडेल बसवताना घातलेली अट चुकीची असते. तळपातळी दोन गटांना वेगळी दिली आणि आज्ञा पुन्हा चालवली की त्या पायऱ्यांवरचे प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकडे एकमेकांजवळ सरकायला हवेत. सरकले नाहीत, तर मात्र शिक्षकखोलीतला वाद खरा होता असं समजून प्रश्नपत्रिका पुन्हा उघडावी आणि तो प्रश्न शब्दशः वाचावा.